नवा ट्रॅव्हल ट्रेलर, तीन आठवड्यांत खालून गंज: डीलरचं कोटिंग घ्यावं का?

कृष्णाकाठ (कॅन्टन, मिशिगन) · १२ एप्रिल

नमस्कार मंडळी,

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही २४ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर, घेतला. नवा कोरा. घरात आम्ही दोघं आणि दोन मुलं. जूनमध्ये साताऱ्याहून सासू-सासरे येणार आहेत, त्यांना घेऊन मॅकिनॉचा पूल ओलांडून अप्पर पेनिन्सुलात जायचं ठरलंय. चार वर्षं पैसे बाजूला टाकून घेतलेली वस्तू आहे, त्यामुळे तिच्यात जीव अडकलाय.

काल धाकट्याचा चेंडू खाली गेला म्हणून मी ट्रेलरखाली शिरले आणि चेंडू विसरूनच गेले. चॅसीवर जिथे जिथे वेल्डिंगचा जोड आहे तिथे तांबूस गंज, ॲक्सलच्या नळीवर ठिपके. चाकांच्या मागे काळा रंग टवके उडाल्यासारखा गेलाय आणि खालचं लोखंड उघडं पडलंय. हात फिरवला तर बोटांना लाल पूड लागलीच, पण सोबत पांढरट, चिकट असंही काहीतरी लागलं. ट्रेलर डीलरकडून घरी आणलाय, बस्स. एकही सहल झालेली नाही.

डीलरला फोन केला. तो म्हणाला, वरवरचा गंज आहे, सगळ्यांना येतो. खालून रबरासारखं काळं कोटिंग मारून देतो, दहा वर्षांची हमी, ९५० डॉलर. शिवाय बॅटरीला जोडायचा एक इलेक्ट्रॉनिक डबा आहे, तो म्हणे लोखंडात वीज खेळवून गंज थांबवतो, त्याचे ३०० वेगळे. पुण्याचा भाऊ म्हणतो, कारला करतो तसं अंडरकोटिंग करून मोकळी हो. नवरा म्हणतो, नोव्हेंबर ते एप्रिल ट्रेलर जागचा हलणार नाही, मग बर्फ वितळावा म्हणून हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात त्या मिठाशी आपला संबंधच काय?

मला कळत नाहीये की यात खरं कोणाचं. पैसे द्यायला हरकत नाही, पण चुकीच्या ठिकाणी द्यायचे नाहीत. आणि घरी करता येण्यासारखं असेल तर मी करीन, हात काळे व्हायची मला भीती नाही.

———

वाळवंटवासी (फिनिक्स, ॲरिझोना) · १२ एप्रिल

आम्ही तीन वर्षांपूर्वी जुना ट्रेलर घ्यायला निघालो होतो, तेव्हाचा अनुभव सांगतो. ओहायोहून आलेला एक ट्रेलर आतून इतका सुरेख की बायकोने पडद्यांचे रंगसुद्धा ठरवून टाकले. खालून पाहिलं तर सगळं काळंभोर, नुकतंच डांबर फासल्यासारखं. माझ्या मित्राने खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून पायरीच्या वर एके ठिकाणी जरा दाबला. लेपाची कातडी फाटली आणि आतून तळहाताएवढा गंजाचा पापुद्रा निघून हातात आला. आम्ही तिथूनच परत फिरलो.

कोटिंग वाईटच असतं असं मी म्हणणार नाही, ते जाणकार सांगतील. पण काळ्या जाड लेपाखाली काय चाललंय ते मालकालाही दिसत नाही, एवढं मी डोळ्यांनी पाहिलंय.

———

घाटरस्ता (रत्नागिरी) · १३ एप्रिल

आमच्या दोन मालगाड्या आहेत, रत्नागिरी-कोल्हापूर रोजचा फेरा. वडिलांच्या वेळेपासून पावसाळ्याआधी चॅसी धुऊन, वाळवून, जळकं ऑइल आणि डिझेल मिसळून खालून मारतो. खाऱ्या वाऱ्यात गाडी वीस-वीस वर्षं टिकते. खर्च जवळजवळ काहीच नाही. तिकडे जळकं ऑइल मिळत असेल तर करून बघा ताई.

———

खारेवारे (दक्षिण ऑन्टारियो) · १३ एप्रिल

ताई, आधी त्या पांढरट, चिकट पुडीबद्दल बोलतो. तुमच्या यजमानांच्या प्रश्नाचं उत्तर तिच्यातच आहे.

मी मूळचा देवगडचा. सव्वीस वर्षं जहाजांच्या आणि पुलांच्या रंगकामाची तपासणी केली, आधी मुंबईच्या गोदीत, मग इथे. रंग कसा आहे यापेक्षा रंगाखाली काय राहिलंय ते बघणं हेच माझं काम होतं. आता निवृत्त आहे. आमचा २२ फुटी ट्रेलर नऊ उन्हाळे झाले वापरतोय, त्यामुळे ट्रेलरखाली आडवं पडून मीही बरेच तास काढलेत.

उत्तर अमेरिकेतले बहुतेक ट्रॅव्हल ट्रेलर इंडियानातल्या एल्कहार्ट आणि आसपासच्या कारखान्यांत बनतात. तिथून डीलरकडे ते सहसा पिकअपच्या मागे जोडून, स्वतःच्या चाकांवर येतात. तुम्ही मार्चमध्ये घेतलात, म्हणजे तो भर हिवाळ्यात कधीतरी आला असणार. एल्कहार्ट ते तुमचं गाव सुमारे अडीचशे किलोमीटर. पुढच्या पिकअपची चाकं ते सगळं अंतर मिठाचा ओला चिखल ट्रेलरच्या पोटावर उडवत आली. मग डीलरच्या आवारात तो उभा राहिला. वरून चकाचक धुतला, आतून पुसला, पण खाली कोणी पाणी मारलं नसावं. तुम्ही एकही सहल केली नाहीत हे खरं, पण तुमच्या ट्रेलरची पहिली सहल तुमच्याआधीच झाली, तीही सगळ्यात वाईट मोसमात. चाकांमागचा रंग त्याच प्रवासात खडीने उडवलाय.

आता हे मीठ काय करतं ते बघा. आपल्याकडे पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ना, तेच. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्यातच विरघळतं. पण इथल्या रस्त्यावर नुसतं साधं मीठ नसतं. उणे ९-१० अंशांच्या खाली ते फारसं चालत नाही, म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम क्लोराइडचं पाणी घालतात. ही दोन्ही फार हावरी. ३०-३५ टक्के आर्द्रतेलाच हवेतलं पाणी ओढायला लागतात. कपाटातली ओल शोषायला जे डबे मिळतात, त्यातले पांढरे खडे कॅल्शियम क्लोराइडचेच असतात. तुमच्या बोटाला चिकट लागलं ते त्यामुळे. ज्या लोखंडावर हे बसलंय ते कडक उन्हाच्या दिवशीसुद्धा पुरतं सुकत नाही. आणि क्लोराइड गंजताना संपूनही जात नाही, तिथेच राहून पुन्हा पुन्हा तेच काम करत राहतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: आधी मीठ काढा, मग लोखंड सुकवा, आणि त्यानंतरच त्यावर काय लावायचं ते ठरवा. न धुता वर काहीही लावलंत, स्वस्त असो की महाग, तरी मीठ आत कोंडून वर झाकण लावल्यासारखं होईल. वाळवंटवासींना दिसला तो पापुद्रा बहुधा असाच तयार झाला असणार.

डीलरचं रबरी कोटिंग मूळात खोटं नाही. स्वच्छ, कोरड्या, नव्या लोखंडावर नीट बसलं तर दगडांचा मार ते चांगला झेलतं. पण डीलर ते कशावर मारणार? त्याला विचारा: आधी किती वेळा धुणार, किती तास वाळवणार, वेल्डिंगच्या जोडांवरचा गंज काढणार का? आणि हमीचा कागद नीट वाचा. बहुतेक हम्यांत लोखंडाला आरपार भोक पडलं तरच भरपाई, आणि दरवर्षी त्यांच्याकडे तपासणी केली तरच, अशा अटी असतात. हा लेप थंडीत ताठरतो, दगड लागला की बारीक चीर पडते, चिरेतून पाणी शिरतं आणि बाहेर यायला त्याला वाट राहत नाही. मी पुलांवर असे लेप खरवडून काढून घेतलेत. वरून गुळगुळीत आणि आत भाकरीच्या पापुद्र्यासारखे थर.

इलेक्ट्रॉनिक डबा मात्र मुळीच घेऊ नका. आमच्या देवगडच्या ट्रॉलरना पाण्याखाली जस्ताच्या वड्या लावतात. जस्त झिजतं आणि लोखंड वाचतं. जमिनीत पुरलेल्या पाइपलाइनना वीज देऊन वाचवतात, तेही खरं. पण या दोन्ही ठिकाणी लोखंड सतत पाण्यात किंवा ओल्या मातीत असतं, म्हणून विजेचं वर्तुळ पुरं होतं. तुमच्या ट्रेलरचं पोट हवेत आहे. हवेतून ते वर्तुळ पुरं होत नाही. अशा एका यंत्राच्या जाहिरातींवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९०च्या दशकातच कारवाई केली होती. ते ३०० डॉलर सासू-सासऱ्यांच्या सहलीला ठेवा.

घाटरस्ता, तुमच्या वडिलांची पद्धत मी लहानपणी पाहिलीय आणि तिच्यातलं मर्म बरोबर आहे: धुवायचं, वाळवायचं, मग तेल. फक्त तेल बदला असं मनापासून सांगतो. जळक्या ऑइलमध्ये इंजिनात तयार झालेली आम्लं असतात, धातूंचा कीस असतो, आणि ते सतत कातडीला लागणं आरोग्याला वाईट. शिवाय ते ठिबकतं. तुमच्याकडे ठिबकून विहिरीकडे जातं, इथे तळ्याकडे. कॅम्पग्राउंडवर ट्रेलरखाली तेलाचा डाग दिसला तर ताईंना तिथून उठवतील, आणि ते योग्यच आहे.

माझे आजोबा लाकडी होडीला मुशीच्या काळजाचं तेल लावायचे. वास आठवला तरी पोटात ढवळतं, पण होडी टिकायची. पुढे धंद्यात पडल्यावर कळलं की रस्ट-ओलियम ही कंपनी १९२१ साली फर्ग्युसन नावाच्या एका स्कॉटिश कप्तानाने काढली ती याच गोष्टीवरून. जहाजाच्या गंजलेल्या डेकवर माशाचं तेल सांडलं, आणि तेवढ्या जागेचा गंज पुढे सरकला नाही हे त्याने पाहिलं होतं.

मी आमच्या ट्रेलरला लॅनोलिन लावतो. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतला मेणचटपणा. धनगराच्या घोंगड्यावर पावसाचं पाणी जिरत नाही, ओघळून जातं, ते त्याच्याच जोरावर. इथे ते फ्लुइड फिल्म, वुलवॅक्स अशा नावांनी डब्यात आणि फवाऱ्यात मिळतं. ते वाळून कडक होत नाही, मऊच राहतं, म्हणून त्याला चीर पडत नाही. जोडांच्या फटीत आपसूक शिरतं. आणि मुख्य म्हणजे आरपार दिसतं: खाली गंज वाढला तर तुम्हाला कळतो. तोटा असा की कायमचं नाही, दर शरद ऋतूत पुन्हा मारावं लागतं. वासही थोडा मेंढरांचा येतो, तो आठवड्यात जातो.

आता प्रत्यक्ष काम कसं करायचं ते.

पाणी मारायला बागेची नळीच घ्या, प्रेशर वॉशर नको. जोरदार फवारा चाकांच्या बेअरिंगच्या सीलमधून आत शिरतो आणि पोटाखालच्या त्या काळ्या प्लॅस्टिकच्या पत्र्याच्या सांध्यांतूनही. एकदा आत गेलेलं पाणी आठवडाभर तिथेच बसतं. नळीला जमिनीवर सरकवत नेण्याचा फवारा मिळतो, तोही चालेल. चॅसीच्या मुख्य तुळया आय आकाराच्या असतात, आणि त्यांच्या खालच्या पट्टीची वरची बाजू म्हणजे लांबलचक फळीच. सगळी रेती, सगळं मीठ त्या फळीवर जमतं. जमिनीवरून बघणाऱ्याला ती दिसत नाही. तिथे हात घालून ब्रशने घासा. एकदा धुऊन भागत नाही. माझा नियम तीन वेळा, तीन वेगवेगळ्या दिवशी. पहिल्या वेळी आतलं मीठ फक्त मऊ होतं.

मागचा चौकोनी बंपर विसरू नका. त्यात सांडपाण्याची नळी ठेवतात, ओलीच ठेवतात, आणि दोन्ही टोकांना प्लॅस्टिकची टोपणं घट्ट लावतात. मी पाहिलेल्या ट्रेलरांत सगळ्यात आधी सडतो तो बंपर, तोही आतून. नळी बाहेर काढा, आत पाणी सोडा, वाळवा, आणि टोपणांना तळाशी एकेक छोटं भोक पाडा.

वाळायला निदान दोन कोरडे दिवस द्या, पंखा लावलात तर उत्तम. रंगकामात आम्ही एक नियम कधी मोडत नसू: लोखंडाचं तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला दव पडतं त्यापेक्षा, किमान ३ अंश सेल्सिअस वर पाहिजे. एप्रिलच्या सकाळी हवा उबदार होते, पण लोखंड रात्रीचं थंडगारच असतं. डोळ्यांना न दिसणारं दव त्यावर असतं. म्हणून दुपारी काम करा.

वेल्डिंगचे जोड आणि टवके उडालेली जागा तारेच्या ब्रशने घासा. सुटा गंज सगळा जाऊ दे. चिवट, घट्ट उरलेल्यावर रस्ट कन्व्हर्टर लावा. त्यातल्या टॅनिक आम्लाने गंजाचं काळं, स्थिर संयुग बनतं. हिरड्याच्या पाण्यात लोखंड पडलं की काळी शाई होते ना, तेच रसायन. ते वाळलं की चाकांमागे आणि पुढच्या त्रिकोणी दांड्यावर, जिथे दगड बसतात तिथे, प्रायमर आणि वर चॅसीचा काळा रंग. रंग आधी, लॅनोलिन नंतर. उलटं केलंत तर त्या मेणावर रंग कधीच धरणार नाही.

फवारताना पुढच्या दांड्यावरचे गॅसचे सिलिंडर बंद, फ्रिज बंद, वॉटर हीटर बंद. स्प्रेच्या डब्यातला वायू पेट घेतो. ब्रेकचे ड्रम प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी बांधून टाका. आत इलेक्ट्रिक ब्रेकचे चुंबक असतात, तिथे तेलाचा थेंबही नको. तसंच, ट्रेलर सुटला तर आपोआप ब्रेक लावणारा जो छोटा स्विच पुढे असतो, त्याला आणि त्याच्या पिनेला कागद गुंडाळा. तुमच्याकडे पाट्यांच्या स्प्रिंगऐवजी टॉर्शन ॲक्सल असेल तर नळीच्या टोकाला थेट मारू नका, आत रबर असतं आणि अशा तेलांनी काही रबरं फुगतात.

आणि हात जोडून सांगतो: कोपऱ्यांचे ते घडीचे जॅक ट्रेलर डुलू नये म्हणून आहेत, वजन पेलायला नाहीत. त्यांच्या भरवशावर खाली शिरू नका. ट्रेलर पिकअपला जोडलेला, चाकांना पुढून-मागून ठोकळे, मगच आत. चाकं काढायची गरज नाही, म्हणजे उचलायचीही गरज नाही.

———

कृष्णाकाठ · १४ एप्रिल

काका, (काका म्हटलं तर चालेल ना?) तुमचं उत्तर आम्ही दोघांनी मोठ्याने वाचलं. नवरा गप्प झाला आणि बाहेर जाऊन त्या आय तुळईच्या फळीवर हात फिरवून आला. मूठभर वाळू निघाली. मुलीने जिभेला लावून बघितली, आम्ही ओरडेपर्यंत तिने सांगूनही टाकलं, खारट आहे.

आणखी दोनच प्रश्न. पोटाखालचा तो काळा प्लॅस्टिकचा पत्रा काढायचा का? आणि हिवाळ्यात ट्रेलर उभा कुठे करायचा? घरामागे गवतावर जागा आहे, आणि पैसे भरून मिळेल अशी खडीची जागा वीस मिनिटांवर आहे. आणि मला अहो-जाहो करू नका.

———

खारेवारे · १४ एप्रिल

काका चालेल. मुलगी तपासणीच्या खात्यात घेण्यासारखी आहे, पण ती मीठ पुन्हा चाखू देऊ नकोस, रस्त्यावरचं आहे.

पत्रा पूर्ण काढू नकोस. टाक्यांच्या जवळच्या सात-आठ स्क्रू सैल कर, कोपरा खाली ओढ, फोन आत घालून दिवा लावून फोटो काढ. कोरडं असेल तर पुन्हा बंद कर. प्रत्येक स्क्रू जिथे चॅसीत घुसलाय तिथे कारखान्यातच रंग फाटलेला असतो, म्हणून परत लावताना भोकात लॅनोलिनचा थेंब सोड. सांधे सिलिकॉनने बंद करायचा मोह होईल, तो टाळ. नळ कुठे गळलाच तर पाण्याला बाहेर पडायला तीच वाट आहे.

जागा खडीची घे. गवताखालची माती रात्रभर वाफ सोडते आणि ती सगळी थंड लोखंडाला खालून लागते. घरामागेच ठेवायचा असेल तर निदान चाकांखाली फळ्या, आणि भोवती प्लॅस्टिकचा पडदा लावून खालची हवा कोंडू नकोस. वारा फिरू दे.

आणि एक राहिलंच. तुझा नवरा म्हणतो हिवाळ्यात बाहेर काढणार नाही, तरी उन्हाळ्यातही मीठ भेटतं. मिशिगनमधल्या खडीच्या रस्त्यांवर धूळ बसावी म्हणून ऐन उन्हाळ्यात कॅल्शियम क्लोराइडचं किंवा विहिरीतलं खारं पाणी मारतात. अप्पर पेनिन्सुलातल्या कॅम्पग्राउंडकडे जाणारा खडीचा रस्ता ओलसर, काळपट आणि धूळ न उडणारा दिसला, तर तो पावसाने ओला झालेला नसू शकतो. परत आल्यावर त्याच आठवड्यात खालून धू. मी दर सहलीनंतर धुतो. बायको आधी हसायची, आता नळी तीच सोडते.

———

घाटरस्ता · १५ एप्रिल

पटलं काका. आमच्याकडे लॅनोलिन महाग पडेल, पण जळक्या ऑइलऐवजी दुसरं काय मारता येईल? घरामागे विहीर आहे हे खरंच.

———

खारेवारे · १५ एप्रिल

मालगाडीला मी रेड ऑक्साइड आणि वर एनॅमल असंच सांगेन. टवके उडतील तिथे दर मे महिन्यात घासून पुन्हा रेड ऑक्साइड. पाट्यांच्या पानांमध्ये साधं ग्रीस. आणि डोकं दुखेल इतकं धुवा. मिरकरवाड्याच्या मासळीच्या धक्क्यावरून बर्फाच्या पेट्या भरत असाल तर त्यातून गळणारं पाणी हा तुमचा मिशिगनचा रस्ताच समजा. त्या दिवशी गाडी धुतल्याशिवाय उभी करू नका.

———

कृष्णाकाठ · ११ मे

काका आणि मंडळी, काम झालं, म्हणून सविस्तर लिहिते.

डीलरला तुम्ही सांगितलेले प्रश्न विचारले. तो म्हणाला, आम्ही धूळ उडवून मारतो, धुवायची गरज नसते. मी नम्रपणे नको म्हटलं. डबाही नको म्हटला.

तीन शनिवार धुतलं. पहिल्या शनिवारी ड्राइव्हवेवरून वाहणारं पाणी गढूळ तांबडं होतं, तिसऱ्या शनिवारी स्वच्छ. आय तुळईच्या फळीवरून मिळून अर्धी बादली रेती निघाली. बंपरचं टोपण काढलं तेव्हा आतून कपभर पाणी सांडलं. सांडपाण्याची नळी तर अजून पाकिटातच आहे. म्हणजे ते पाणी वाटेत किंवा डीलरच्या आवारातच आत गेलं असणार. भोकं पाडली.

पत्र्याचा कोपरा खाली ओढून फोटो काढले. बहुतेक कोरडं होतं, पण ताज्या पाण्याच्या टाकीजवळ लाकडाचा भुसा आणि एक ओला पट्टा दिसला. नळीचा एक क्लॅम्प नीट आवळलेलाच नव्हता. नवऱ्याने आवळला. हे आत्ता सापडलं नसतं तर जूनमध्ये सगळी टाकी भरून निघालो असतो आणि सासू-सासऱ्यांच्या पलंगाखाली पाणी साचत गेलं असतं.

घासायला आम्ही दोघं, कन्व्हर्टर मी, रंग नवऱ्याने. जोड काळे पडताना बघून मुलांना हिरड्याची गोष्ट सांगितली. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, तिची आजी असंच काहीतरी करून साडीला काळा रंग द्यायची. लॅनोलिन पाऊण गॅलन लागलं, कॉम्प्रेसर शेजाऱ्यांचा. ड्राइव्हवेवर पुठ्ठे अंथरले होते, तरी दोन डाग पडलेच. सगळा खर्च १८० डॉलरच्या आत झाला.

वासाबद्दल तुम्ही सांगितलं होतं ते अगदी खरं. पहिल्या संध्याकाळी मी अंगणात आले आणि क्षणभर मला माणदेशातल्या मामाच्या गावचं अंगण आठवलं, पावसात भिजून आलेलं घोंगडं वाळत टाकलेलं. नवरा नाक धरून आत गेला. मी मात्र तिथेच पायरीवर बसून राहिले.

एक शेवटचं विचारायचं होतं. पायरीच्या बिजागऱ्या कुरकुरतात. त्यांनाही लॅनोलिनच मारू की ग्रीस?

———

खारेवारे · ११ मे

वा! क्लॅम्प सापडला हे ऐकून फार बरं वाटलं.

बिजागऱ्यांना ग्रीस नको, धूळ धरून त्याची कानस होते. जॅकच्या स्क्रूंनाही तेच. सुकं लुब्रिकंट मिळतं, सिलिकॉनचं किंवा टेफ्लॉनचं, ते मार. पाट्यांच्या बोल्टना ग्रीसची निपलं असतील तर तिथे मात्र ग्रीसच. सासऱ्यांना वर चढायला पायरी उंच पडते, तिच्यासमोर एक लाकडी पाट ठेव. आमच्या बाबांना तेवढ्यानेच जमलं.